दहा शिपाई की अख्खी फौज? मिनिएचर वॉरगेमिंगची सुरुवात कुठून करावी

मिनिएचर वॉरगेमिंगकडे, म्हणजे छोट्या पुतळ्यांनी ('मिनीं'नी) टेबलावर लढाई खेळण्याच्या छंदाकडे, नव्याने वळलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो डब्याचा: "वॉरहॅमर सुरू करायचंय, कुठला बॉक्स घेऊ?" त्याच्याही आधीचा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. टेबलावर तुम्हाला दहा जणांची टोळी खेळवायची आहे, की साठ-सत्तर शिपाई, रणगाडे आणि तोफा असलेली फौज? दोन्हीकडे फासे तेच, मोजपट्टी तीच, रंग तेच, पुष्कळदा मिनीसुद्धा त्याच. पण खर्च, जागा, वेळ आणि डोक्याला लागणारं काम यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो: बहुतेकांनी छोट्या खेळापासून, म्हणजे स्कर्मिशपासून सुरुवात करावी. तो सोपा असतो म्हणून नाही. नियमांच्या बाबतीत स्कर्मिश काही वेळा मोठ्या खेळापेक्षा किचकट असतो. पण तो पूर्ण होतो. दहा मिनी रंगवून होतात, बोर्ड घरात मावतो, डाव एका संध्याकाळी संपतो. अर्धवट रंगवलेल्या फौजा कपाटात पडून राहतात आणि माणूस छंदच सोडतो, हे वारंवार दिसतं. ते टाळायचं असेल तर पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या.

हे दोन प्रकार आले कुठून

टेबलावर लढाई खेळण्याचं शास्त्र प्रशियात घडलं. राइसविट्झ पिता-पुत्रांनी 'क्रीगस्पील' तयार केला आणि मुलाची १८२४ ची आवृत्ती प्रशियन लष्कराने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उचलली. आजच्या काल्पनिक जगांतल्या खेळांचं माहेर इंग्लंडमधलं नॉटिंगहॅम. १९७५ मध्ये सुरू झालेल्या गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय तिथे आहे. त्यांचा 'वॉरहॅमर' १९८३ मध्ये आला आणि 'वॉरहॅमर ४०,०००' १९८७ मध्ये. या दुसऱ्याला सगळे ४०के म्हणतात. गंमत म्हणजे ४०केची पहिली आवृत्ती बरीचशी छोट्या टोळ्यांची होती, डाव चालवायला एक सूत्रधारही लागायचा. पुढच्या आवृत्त्यांत फौजा फुगत गेल्या आणि छोट्या खेळांना वेगळी घरं मिळाली: १९९५ मध्ये 'नेक्रोमुंडा', १९९९ मध्ये 'मॉर्डहाइम', आणि आता 'किल टीम', जिची सध्याची आवृत्ती २०२४ ची आहे.

या एकाच कंपनीपुरता छंद मर्यादित नाही. ऑस्प्रेने २०१५ मध्ये काढलेला 'फ्रॉस्टग्रेव्ह', स्पेनच्या कॉर्व्हस बेलीचा 'इन्फिनिटी' हे स्कर्मिश. २०१२ पासून चालत आलेला दुसऱ्या महायुद्धावरचा 'बोल्ट ॲक्शन' मधल्या आकाराचा. आपल्या इतिहासाच्या भाषेत सांगायचं तर पावनखिंड हा स्कर्मिशचा विषय आणि पानिपत हा फौजेचा.

पहिली पायरी: एका मिनीची किंमत ओळखा

इथे जरा थांबू या, कारण बाकी सगळे फरक यातूनच निघतात.

४०केच्या दहाव्या आवृत्तीतलं उदाहरण घ्या. इम्पीरियल गार्ड या साध्या माणसांच्या फौजेतल्या दहा शिपायांनी लांबून स्पेस मरीन या चिलखती योद्ध्यांच्या तुकडीवर लासगन बंदुका चालवल्या. प्रत्येकी एक गोळी, म्हणजे १० फासे. ४ किंवा त्यावर आलेला फासा लागतो, म्हणजे सरासरी ५ गोळ्या लागल्या. लासगनची ताकद ३, मरीनचा चिवटपणा ४, म्हणून जखम व्हायला ५ किंवा ६ हवा. पाचांतल्या दीड-पावणेदोन गोळ्याच जखम करतात. मग मरीन चिलखताचे फासे टाकतो आणि ३ किंवा वर आलं की वाचतो, म्हणजे त्यातल्याही दोन तृतीयांश वाया गेल्या. उरली जेमतेम अर्धी जखम, आणि एक मरीन पडायला दोन लागतात. दहा जणांनी गोळ्या झाडल्या आणि सरासरीने एकही माणूस पडला नाही.

फौजेच्या खेळात एकटा शिपाई काही ठरवत नाही. कुठल्या तुकड्यांचा मारा कुणावर एकवटायचा, कुठली तुकडी बळी द्यायची, पाच फेऱ्या संपेपर्यंत कुठला ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे टेबलावरचं मोक्याचं ठिकाण, हातात ठेवायचा, हे ठरवणारा सेनापती तुम्ही असता. मूठ-मूठ फासे पडतात, त्यामुळे नशीब बरंचसं सरासरीवर येतं.

आता तेवढाच क्षण किल टीममध्ये बघा. समोरच्याचा एक नेमबाज तुमच्या एका शिपायावर गोळी झाडतो. त्याच्या बंदुकीचे ४ फासे, ३ किंवा वर आलं की लागलं, साधा मार ३, जबर मार ४ असं धरू. फासे पडले ६, ४, ३, २. म्हणजे एक जबर, दोन साधे, एक हुकला. तुमच्या शिपायाला ७ जखमा झेपतात आणि बचावाचा आकडा ५ आहे. तो उघड्यावर उभा असेल तर तुम्ही बचावाचे ३ फासे टाकता: ५, २, ३. एक साधा मार अडला, ४ आणि ३ मिळून ७ बसले, शिपाई गेला. तोच शिपाई पडक्या भिंतीच्या आडोशाला असता, तर एक बचाव फासा न टाकताच यशस्वी धरला असता आणि उरलेले दोन पडले असते ५ आणि २. दोन्ही साधे मार अडले, फक्त ४ बसले, ३ जखमा शिल्लक. निम्म्याहून कमी उरल्यामुळे तो आता लंगडत चालेल आणि त्याचा नेमही बिघडेल, पण पुढच्या पाळीला तो दार उघडू शकेल, संगणक बंद पाडू शकेल, कदाचित डावही जिंकून देईल.

एक इंच अलीकडे की पलीकडे, यावर माणूस राहतो की जातो. स्कर्मिशमध्ये प्रत्येक मिनीला नाव द्यावंसं वाटतं ते यामुळेच. फ्रॉस्टग्रेव्ह आणि नेक्रोमुंडात तर मिनी एका डावातून दुसऱ्या डावात जखमा, अनुभव आणि लूट घेऊन जातात.

दुसरी पायरी: पाळी कशी चालते ते बघा

४०केमध्ये एक खेळाडू आपली संपूर्ण फौज हलवतो, गोळीबार करतो, चढाई करतो, हातघाईची लढाई लढतो. मग दुसऱ्याची पाळी. प्रत्येक तुकडीला तिच्या ताकदीप्रमाणे पॉइंट्स असतात आणि त्यांच्या बेरजेवरून फौजेचा आकार ठरतो. २,००० पॉइंट्सच्या डावात समोरच्याची पाळी अर्धा तास सहज चालते. त्या वेळात तुम्ही बचावाचे फासे टाकता, हातघाईत उत्तर देता, पण आपली चाल करता येत नाही. पूर्ण डावाला तीन तास धरा, नवख्यांना त्याहून जास्त.

किल टीममध्ये एक माणूस तुमचा, मग एक माझा, अशी आलटून पालटून चाल असते. चार फेऱ्या, दीड-दोन तास. दर दोन-चार मिनिटांनी निर्णय घ्यावा लागतो, म्हणून डाव छोटा असला तरी डोकं जास्त थकतं. फ्रॉस्टग्रेव्हमध्ये आधी जादूगार, मग त्यांचे शिष्य, मग शिपाई, शेवटी भटके प्राणी असा क्रम आहे. बोल्ट ॲक्शनची पद्धत मला फार आवडते: दोघांच्या रंगांचे ऑर्डरचे फासे एकाच पिशवीत घालायचे आणि न बघता एकेक काढायचा. ज्याचा रंग निघेल त्याची एक तुकडी हलते. पुढे कोण, हे कुणालाच माहीत नसतं आणि टेबलावर कुणीही ताटकळत बसत नाही.

तुम्हाला वाट बघायचा कंटाळा येतो की सतत निर्णय घ्यायचा ताण येतो, हे स्वतःला विचारा. याचं उत्तर डब्यावरच्या चित्रापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

तिसरी पायरी: पैसे घालण्याआधी कागदावर खेळा

ही पायरी कृपा करून गाळू नका.

'वन पेज रूल्स' या नावाने मूलभूत नियम फुकट मिळतात. त्यातला 'ग्रिमडार्क फ्युचर' फौजेचा आणि 'ग्रिमडार्क फ्युचर: फायरफाइट' स्कर्मिशचा. दोन्हींचा साचा एकच आहे: प्रत्येकाला दोन मुख्य आकडे, एक कौशल्याचा आणि एक बचावाचा, आणि साधे सहा बाजूंचे फासे. त्यामुळे दोन्ही प्रकार खऱ्या अर्थाने शेजारी-शेजारी ठेवून बघता येतात. छापून कापायच्या कागदी मिनीही मिळतात. किल टीमचे छोटे नियम आणि ४०केचे मुख्य नियम गेम्स वर्कशॉप स्वतःच विनामूल्य देते.

बेससाठी, म्हणजे मिनीच्या पायाखालच्या चकतीसाठी, दहा रुपयांचं नाणं वापरा. त्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे आणि खेळातले लहान बेस २५ चे असतात, म्हणजे अंतरं जवळपास बरोबर येतात. नाण्यावर दुहेरी चिकटपट्टीने कागदी शिपाई उभा करा. पुस्तकं आणि खोकी ठेवून भिंती करा. मोजपट्टी इंचांची घ्या, कारण सगळे नियम इंचांत आहेत.

एक डाव पाच-पाच शिपायांचा खेळा. मग त्याच आठवड्यात एक डाव प्रत्येकी सहा तुकड्यांचा. आपल्या मनाचा मसाला घालायचा असेल तर खिंडीचा डाव मांडा: टेबलाच्या मधोमध अरुंद वाट, राखणारे सहा, चालून येणारे बारा, आणि जे पडतील ते पुढच्या फेरीला मागच्या काठावरून पुन्हा येणार. राखणाऱ्यांनी ठरलेल्या फेऱ्या वाट अडवली की ते जिंकले. स्कर्मिश काय असतो हे त्या डावात हाताला कळतं.

चौथी पायरी: जागा मोजा

किल टीमचा बोर्ड २२ बाय ३० इंच. जेवणाच्या टेबलावर, दिवाणावर, सतरंजीवर कुठेही बसतो. ४०केच्या १,००० ते २,००० पॉइंट्सच्या डावाला किमान ४४ बाय ६० इंच लागतात, म्हणजे जवळजवळ ११२ बाय १५२ सेंटिमीटर, आणि भोवती उभं राहायला जागा वेगळी. वन बीएचकेच्या हॉलमध्ये हे रोज शक्य नाही.

पण या आकड्यांत एक सोय दडलेली आहे. किल टीमचे चार बोर्ड जोडले की बरोबर ४४ बाय ६० होतात. दोन जोडले की ४४ बाय ३०, म्हणजे ४०केच्या 'कॉम्बॅट पेट्रोल' या छोट्या डावाचा आकार. आपल्याकडे प्लायवुड ८ बाय ४ फुटांच्या शीटमध्ये मिळतं. सुताराला २२ बाय ३० चे तुकडे कापायला सांगितले तर एका शीटमध्ये सहा बसतात. आज एक वापरा, उद्या दोन, फौज झाली की चार. खेळ झाल्यावर पलंगाखाली सरकवून द्या.

बोर्डावरच्या टेकड्या, भिंती, पडके वाडे यांना खेळाडू टेरेन म्हणतात. स्कर्मिशला ते दाट आणि उंच लागतं: जिने, खिडक्या, गल्ल्या, आडोसे. मोकळ्या मैदानात किल टीम दोन फेऱ्यांत संपते. फौजेच्या टेबलावर उलट मोठे, नजर अडवणारे ठोकळे हवेत आणि त्यांच्यामधून रणगाडा जाईल एवढी वाट हवी.

ज्याने लहानपणी दिवाळीत किल्ला केला आहे, त्याला टेरेन शिकवावं लागत नाही. विटा, पोतं, चिखल यांच्या जागी पुठ्ठा, थर्माकोल आणि फेव्हिकॉल आला एवढंच. थर्माकोलवर स्प्रे पेंट थेट मारू नका. त्यातलं सॉल्व्हंट थर्माकोल खाऊन टाकतं. आधी फेव्हिकॉल आणि पाण्यात कालवलेल्या रंगाचा थर द्या, वाळू द्या, मग पुढचं. बोर्ड आणि टेरेनला कॅमलचे ॲक्रिलिक रंग छान चालतात. मिनीवर मात्र त्यांचा थर जाड बसतो आणि बारीक कोरीव काम बुजतं.

पाचवी पायरी: खरेदी

एका किल टीमचा डबा ब्रिटनमध्ये साधारण ४० पौंडांच्या आसपास आणि कॉम्बॅट पेट्रोलचा डबा १०० पौंडांच्या आसपास असतो. २,००० पॉइंट्सची फौज उभी करायला असे डबे एकावर एक चढत जातात. भारतात बाहेरून मागवताना पोस्टाचा खर्च तर आहेच, शिवाय कस्टम्स. खेळण्यांवरची मूळ आयात ड्यूटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०. पार्सल खेळणं म्हणून धरलं गेलं तर हिशेब एकदम बदलतो. म्हणून आधी इथल्या दुकानांत चौकशी करा, आणि बाहेरून मागवलंच तर एका डब्यापुरतं मागवा.

पहिली खरेदी एवढीच असावी: एक टीम, स्प्रूवरून (सुटे भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटीवरून) भाग कापायला बारीक क्लिपर, एक कटर, गोंद, प्रायमर (रंगाखालचा पहिला थर), सहा-सात रंग, दोन ब्रश. प्लास्टिक सिमेंट फक्त पॉलिस्टायरीन प्लास्टिकला धरतं. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून जोडतं, त्यामुळे सांधा पक्का बसतो. रेझिन किंवा धातूच्या मिनीला सुपरग्लूच लागेल.

एकाच कंपनीच्या मिनींना बांधून घ्यायचं नसेल तर फ्रॉस्टग्रेव्हकडे बघा. जादूगार, शिष्य आणि जास्तीत जास्त आठ शिपाई, तीन बाय तीन फुटांचा बोर्ड आणि वीस बाजूंचा फासा. कुणाच्याही मिनी चालतात. मित्राकडचा थ्रीडी प्रिंटर, जुनी खेळणी, बोर्डगेममधली प्यादी, सगळं चालतं. रेझिन प्रिंटर घरी वापरणार असाल तर हातमोजे आणि खेळती हवा याबाबत तडजोड नको. कच्चं रेझिन त्वचेला बाधतं.

सहावी पायरी: रंगकाम

स्कर्मिशमध्ये दहा मिनी, म्हणून प्रत्येकाचा चेहरा, हात, पट्टा सावकाश रंगवता येतो. फौजेत हे करायला गेलात तर वर्षं जातील. तिथे पद्धत वेगळी: पाच-पाचच्या रांगेत सगळ्यांचे बूट, मग सगळ्यांचे कोट, मग सगळ्यांच्या बंदुका. २०१९ मध्ये आलेल्या सिटाडेलच्या काँट्रास्ट रंगांसारखे रंग फिक्या प्रायमरवर एकाच हातात छाया आणि उजेड दोन्ही देतात. तीन फुटांवरून फौज बघताना डोळा चेहरे बघत नाही, बेस बघतो. सगळ्यांच्या बेसची माती आणि कडेचा रंग एकसारखा ठेवलात तर मध्यम रंगवलेली फौजही देखणी दिसते.

मुंबईत, कोकणात, गोव्यात राहणाऱ्यांसाठी: जून ते सप्टेंबर स्प्रे प्रायमर बाहेर काढू नका. हवेतल्या दमटपणामुळे पृष्ठभाग खरखरीत होतो आणि त्यावर मग कितीही चांगला रंग दिला तरी ती खरखर लपत नाही. पावसाळ्यात ब्रशने लावायचा प्रायमर वापरा, पातळ, दोन थरांत, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा.

सातवी पायरी: खरा डाव

साथीदार नसेल तर दोन्ही टोळ्या तुम्हीच करा. हा स्कर्मिशचा मोठा फायदा: वीस मिनींत दोन बाजू उभ्या राहतात आणि बहीण, रूममेट, शेजारचा मुलगा, कुणालाही रिकाम्या हाताने खेळायला बसवता येतं. फौजेच्या खेळात समोरच्याने स्वतःची फौज आणावी लागते.

पहिल्या डावात विशेष ताकदी, प्लॉय आणि स्ट्रॅटेजम नावाच्या खास चाली, सगळं बाजूला ठेवा. फक्त चालणं, गोळी, हातघाई, ऑब्जेक्टिव्ह. डाव सुरू होण्याआधी दोघांनी बोर्डावर बोट ठेवून ठरवा: ही भिंत चढता येते का, या खिडकीतून दिसतं का, हे झुडूप आडोसा आहे का. निम्मी भांडणं इथेच मिटतात. एखादा नियम अडला तर फासा टाकून पुढे जा आणि पुस्तक घरी गेल्यावर उघडा.

आठवी पायरी: फौज हवीच असेल तर

काहींनी सरळ फौजेकडे जावं हेही खरं. तुमच्या मित्रमंडळात आधीच चार जण ४०के खेळत असतील, तर तुम्ही एकट्याने किल टीम घेऊन काय करणार? रणगाड्यांची रांग बघून ज्याचं काळीज धडधडतं, त्याला दहा जणांची टोळी पुरणार नाही. इंग्लंडात राहणारे मराठी वाचक असतील, तर नॉटिंगहॅमच्या लेंटन भागात 'वॉरहॅमर वर्ल्ड' आहे. तिथल्या प्रदर्शनातल्या प्रचंड लढाया एकदा डोळ्यांनी बघा आणि मग ठरवा.

पण तेव्हाही टप्प्याने जा. किल टीमची अशी टोळी निवडा जिच्या मिनी ४०केमध्येही तुकडी म्हणून उतरतात, बहुतेकांच्या उतरतात. त्यावर एक कॉम्बॅट पेट्रोल, मग १,००० पॉइंट्स. तिथे थांबून वर्षभर खेळा. २,००० चा आकडा स्पर्धांमुळे सगळ्यांच्या तोंडी बसला आहे. घरच्या डावाला १,००० भरपूर होतात आणि तिथे डाव चहा-नाश्त्यासकट दुपारभरात आटोपतो.

फौज निवडताना डोकी मोजा. इम्पीरियल नाइट्सचा एक राक्षसी यंत्रपुरुष ४०० पॉइंट्सच्या आसपास असतो, त्यामुळे पाच-सहा मिनींत २,००० ची फौज होते. स्पेस मरीनला साधारण पन्नास-साठ लागतात. ऑर्क किंवा गार्डची पायदळाची फौज शंभरच्या पुढे जाते, आणि ती प्रत्येक पाळीला हातानेच हलवावी लागते. आणि शेकडो शिपायांच्या रांगा हव्यात पण घर लहान आहे, असं असेल तर ६ किंवा १० मिलिमीटरच्या मिनी बघा. त्यांत एका बेसवरच अख्खी पलटण उभी राहते.

वाढत्या फौजेबरोबर ने-आणही वाढते. प्रत्येक बेसखाली पाच मिलिमीटरचं छोटं निओडिमियम चुंबक सुपरग्लूने चिकटवा आणि तळाला लोखंडी पत्रा बसवलेला प्लास्टिकचा डबा वापरा. भांड्यांच्या स्टीलला चुंबक बऱ्याचदा चिकटत नाही, म्हणून पत्रा घेताना चुंबक खिशात घेऊन जा. चुंबक मिनी जोडण्याआधीच बसवा, नंतर बेस उलटा धरताना रंग निघतो.